शिरस की बकान

८ जुलै

आजपासून लिहून ठेवते. डायरी फुकटची आहे. फवारणीच्या औषधाच्या दुकानवाल्यानं माह्या पोराले, गोवर्धनले दिली, वर कापसाच्या बोंडाचा फोटो. सून म्हणे, "आई, तुमी लिहतच जा. तेवढा वेळ तोंड तं बंद राहीन." प्राजक्ता दिसते गरीब, पण चिमटा बरोबर काढते. माही शाळा दुसरीत सुटली, तरी अक्षर तिच्याहून ठसठशीत आहे.

लिहायचं कारण झाड. हे घरकुल बांधलं तेव्हा कोणीच डोकं लावलं नाही, ओसरी मावळतीकडे काढली. ओसरीवर आमच्या बुढ्याची बाज. वामनरावांचं उजवं अंग मागच्या हिवाळ्यात लुळं पडलं, जीभही गेली. जो माणूस ग्रामपंचायतीत टेबल ठोकून बोलत होता, तो आता एखादं अक्षर बोलतो आणि तेही अर्धं. उन्हाळ्यात दुपार कलली की ऊन थेट त्याच्या तोंडावर. बाज सरकवून सरकवून माही कंबर गेली. म्हणून आंगणात झाड पाहिजे. उन्हाळ्यात सावली देणारं आणि थंडीत पानं झाडून ऊन येऊ देणारं, कारण थंडीत त्याचं अंग लाकडासारखं आखडते.

गोवर्धन म्हणे, "माय, कडुनिंब लाव ना." म्हणलं, कडुनिंब बारा महिने हिरवा, हिवाळ्यात तुह्या बापाले गारठवून मारतं काय? उठून वावरात निघून गेला. पोराचं तसंच आहे, एका वाक्यात संपते.

पाऊस नाही. आभाळ येते आणि गावावरून निघून जाते.

११ जुलै

चांदूरबाजारले गेली. गुलाम नबी तिथे रोपं विकतात, बुढ्याचे जुने दोस्त. गेल्याबरोबर त्यांच्या बायकोनं, सईदानं चहा ठेवला आणि गुलामभाईंनी प्रवचन.

"भाभी, पानं झाडणारं पाह्यजे तं दोनच हायेत. शिरस, नाई तं बकान. बकान म्हणजे निंबाचा सावत्र भाऊ. लय लवकर वाढते, दोन उन्हाळ्यांत तुमच्या डोक्यावर जाते. होळीले पालवी. पण लाकूड कच्चं, वावधनात, वादळवाऱ्यात फांदी मोडते. अन् ते पिवळ्या गोळ्या येतात ना, बकरीनं खाल्ल्या तं बकरी गेली."

"माह्याजवळ बकरी नाही. शिरसाचं सांगा."

"शिरस पयले दम खाते. पण एकदा पसरला का आंगण झाकून टाकते. पालवी उशिरा, चैत सरता सरता. फुलाले असा वास का संध्याकाळी माणूस घरात नाई जात. हिवाळ्यात पानं गेली का नुसत्या वाळल्या शेंगा."

"अन् त्या शेंगा रात्रभर खुळखुळ करतात," सईदा आतून ओरडली. "मी तं लग्नाच्याच साली यायले म्हणलं, हे झाड तोडा नाई तं मले माहेरी पोचवा."

"मग?" मी विचारलं.

"झाड बी हाये, मी बी हाये."

मी बकानच्या बाजूची. माह्याजवळ वाट पाहायले वेळ नाही. पण घरी येऊन बुढ्याले विचारलं, तर तो "शि, शि" करायले लागला. मी भांडं आणलं. असा चिडला की डाव्या हातानं भांडंच उडवलं. शिरस म्हणायचं होतं त्याले.

म्हणून दुपारी परत जाऊन दोन्ही आणली आहेत. परीक्षा घेते. एकाच मातीत, एकाच उन्हात. पोळ्यापर्यंत जे जोमात दिसंल ते ठेवीन, दुसरं उपटून फेकीन. गुलामभाई हसले, "भाभी, झाडाची परीक्षा अशी दीड महिन्यात घेत नसतात." म्हणलं, माणसाची तर आपण एका चहात घेतो.

१८ जुलै

पाऊस आला एकदाचा. आमची पहिली पेरणी तोवर वाळून गेली होती. गोवर्धननं दुबार टाकली. यंदा आपल्या वावरावर बसून भागणार नाही, म्हणून तो रस्त्यापलीकडच्या देशमुखांकडे फवारणीले जाणार आहे. त्यांच्याकडे विहिरीचं पाणी, त्यांची कपाशीची पऱ्हाटी मे-जूनमध्येच लागली. आताच मांडीएवढी आहे.

झाडं लावली. बकान फाटकाजवळ. शिरस मोरीजवळ, धुण्याच्या दगडाले लागून. प्राजक्ता म्हणे, "शिरसाले फुकटचं पाणी भेटीन, मंग परीक्षा कशी बरोबर होईन?" म्हणलं, बकानले मी हातानं बादलीभर घालीन. दोघांले विहिरीचंच पाणी. झालं की नाही बरोबर? सुना फार हुशार झाल्या आहेत.

३ ऑगस्ट

दोन्ही लागली. शिरस पुढे आहे, हे कबूल करावं लागते. पानं बारीक, मऊ. दिवेलागणीले जोड्या जोड्यांनं मिटून घेते, घरंदाज बाईसारखं. बकान उंचीनं वाढून राहिला, पण नुसता काटकुळा, जसा लग्नाच्या आधीचा गोवर्धन.

फवारणी सुरू झाली. देशमुखांचा पाठीवरचा पंप गोवर्धन घरी घेऊन येतो, मोरीवर धुतो. पंप गळका आहे. सदरा मानेपासून कंबरेपर्यंत ओला असते. म्हणलं, देशमुखांले सांग ना पंप बदलायले. म्हणे, "सांगतलं. म्हणतात, पुढच्या साली घेऊ." धुतलेलं पाणी सगळं शिरसाच्या आळ्यात जाते. बुढा बाजेवरून हात हलवून हलवून काही म्हणत होता. मी म्हणलं, घाबरू नका, तुमच्या लाडक्याले काही होत नाही. पऱ्हाटीले औषध चालते, मग शिरसाले काय वाईट? कीड लागणार नाही, उलट.

१२ ऑगस्ट

शिरसाच्या पानांची कड पिवळी पडली आहे. जशी इस्तरी लागल्यावर कापडाची कड होते, तशी. एवढं पाणी, एवढे लाड, आणि तोंड वाकडं. बकानले काही मागणं नाही, मुकाट वाढते.

मोरीवरचे बेडूक दिसत नाहीत. दर पावसाळ्यात ओरडून कान खातात. यंदा बरं आहे, शांत.

गोवर्धनचं डोकं दुखते रोज. डोळे लाल. जेवताना सारखं तोंड पुसते, लाळ सुटते म्हणे. प्राजक्तानं लिंबू-पाणी दिलं, ते ओकला. देशमुखांच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर संध्याकाळी पोट्टे बसतात, ते काय चहा पिण्यासाठी बसतात काय? माहा बाप असाच सुरू झाला होता. पहिले डोकं दुखते, मग डोकं जाते.

१६ ऑगस्ट

आज भांडण झालं. भाकरीचा घास तोंडाकडे नेताना त्याचा हात लटलट हलत होता. दंडावरचं मांस आपोआप उडत होतं, जसं बैल माशी उडवते. मी ताट ओढून घेतलं.

"कुठं पेतं रे?"

"माय, नाई पेत. तुही शप्पत, थेंब नाई घेतला."

"माही शप्पत घेऊ नको. मले अजून तुह्या बापाचं करायचं आहे."

"अंग गयून जाते माय. कपाशीत घाम लय येते. दिसत बी नाई नीट."

"दिसत नाही? मग धुऱ्यावरची बाटली बरी दिसते."

तो उठून गेला. प्राजक्ता चुलीकडे तोंड करून बसली. आणि बुढा! डाव्या हातानं आधी गोवर्धनच्या पाठीकडे दाखवते, मग मोरीकडे, मग पुन्हा पाठीकडे. "शि... शि..." मले समजलं. पोरगा हातचा चालला आहे आणि याले झाडाची पडली आहे. मी बाज भिंतीकडे फिरवून दिली. पाह्य म्हणलं, भिंत पाह्य.

२० ऑगस्ट

शिरसाची पानं गेली. श्रावणात, भर पावसात, जेव्हा कुंपणाची काठीही फुटते. नुसता दांडा उभा आहे, वरून खाली काळा पडत चाललेला. बकानले आज मोजलं, माह्या छातीले लागला. परीक्षा संपली असं समजा. पोळा झाला की शिरस उपटते.

प्राजक्ता दगडावर धुणं घेऊन बसली होती. म्हणे, "आई, यायच्या डोळ्यात पायलं का तुमी? काळं बुबुळ मव्हरीएवढं झालं."

म्हणलं, नवऱ्याच्या डोळ्यात पाहायचे दिवस तुमचे आहेत, तुमीच पाहा.

"दारूचा वास येत नाई पण."

"मग कशाचा येते?"

"औषधाचा. नेहमीचाच."

नेहमीचाच तर येणार. आखाड-श्रावणात सगळ्या गावाले तोच वास. ओढणी, भाकर, देवघरातली वात, सगळ्याले. त्या वासाआड दारूचा वास लपवणं काय कठीण आहे? पोरगी भोळी आहे. मी नाही.

२५ ऑगस्ट, पोळा

आपली जोडी कधीच गेली, तरी तोरणाखाली जाऊन दुसऱ्यांच्या बैलांले ओवाळलं. गोवर्धन आला नाही. दिवसभर आतल्या खोलीत पडून होता, घामानं चादर ओली. पुरणपोळी तोंडाले लावली नाही. उद्या कर, पिण्याचा दिवस. उद्या गावात कोणी सरळ चालताना दिसणार नाही, आणि आमचा आजपासूनच झोपला आहे.

प्राजक्ताले सांगून ठेवलं, उद्या त्याले घराबाहेर जाऊ देऊ नको. रडकं तोंड करून म्हणे, "देशमुखांचा मानूस आला होता. करीच्या दिवशी कोणी मजूर भेटत नाई, अन् पऱ्हाटीवर तुडतुड्याची कीड लय हाये. हे हो म्हणले."

करीच्या दिवशी काम! हे म्हणजे मांजरानं उपास धरला म्हणण्यासारखं.

२६ ऑगस्ट, कर

दुपारीच लिहायले बसली, कारण हात दुसरीकडे गेला तर त्याच्या गालावर जाईल.

आला. दोन पाय चार दिशेले. फाटकाशी बकानले धरून उभा राहिला, तोंडातून फेस, नाकातून पाणी, चड्डीतच झालेलं. गल्लीतले पोट्टे हसत मागे. साजिद ऑटोवाला म्हणे, "गोवर्धनभाऊंनं तं आज सगळ्यायले हरवलं!" मी फाटकातून सगळ्या गल्लीले ऐकू जाईल असं ओरडली, की पाहा, पाहून घ्या, वामनरावांचा पोरगा पिऊन आला. मग त्याले म्हणलं, घरात ओकून ठेवशील तर याद राख. झोप आंगणात.

प्राजक्ता त्याचा सदरा काढायले धावली. पाठ निथळत होती. मी तिचा हात धरला. म्हणलं, हात लावू नको. असाच पडू दे, घाणीत, ओल्या कपड्यात. उतरली की स्वतःचा वास स्वतःले येऊ दे. लाजेशिवाय ही सुटत नाही, माह्या बापाची मायनं अशीच सोडवली होती. तिनं ऐकलं. ती माहं ऐकते.

आता तो आंगणातल्या बाजेवर आहे. घोरते की काय करते, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येते. बुढा ओसरीवर वेड्यासारखा बाज ठोकून राहिला, एका हातानं. त्यालेही आजच जोर आला.

मी कुदळ घेते आणि तो शिरस उपटते. काही तरी उपटल्याशिवाय माहा राग जाणार नाही.

२९ ऑगस्ट, अमरावती

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहिते. प्राजक्तानं पिशवीत डायरी टाकली होती. का टाकली, ते तिनं सांगितलं नाही. तीन दिवसांत ती माह्याशी कामापुरतंच बोलली आहे. बरोबर आहे तिचं.

झालं ते सरळ लिहिते.

शिरसाले जोर लावावाच लागला नाही. एका हातानं वर आला. मुळीची साल हातात राहिली, जशी भाजलेल्या वांग्याची राहते. खड्ड्यात गांडुळं होती, सगळी पांढरी, सुजलेली, मेलेली. एक जिवंत नाही. मी तशीच उठली आणि बकानच्या बुडाशी एक कुदळ मारली. तिथे लाल, लठ्ठ, वळवळणारी. तीच माती, तोच पाऊस, त्याच विहिरीचं पाणी. फरक एकच. इकडे पंप धुतला जात होता.

मी त्या खड्ड्याशी उभी राहिली आणि मागून बुढ्यानं पुन्हा बाज ठोकली. वळून पाहिलं. तो शिरसाकडे पाहतच नव्हता. तो पोराच्या पाठीकडे बोट दाखवत होता. कधीपासून तेच दाखवत होता.

मग मी गोवर्धनच्या तोंडाशी नाक नेलं. पहिल्यांदा नेलं. पंधरा दिवस दारुड्या म्हणत आली, पण तोंडाचा वास एकदाही घेतला नव्हता, कारण मले खात्री होती. दारूचा वास नव्हता. पापणी उचलली. माह्या बापाचे डोळे मी लहानपणी रोज पाहिले आहेत, पिऊन आला की पसरलेले, पाणीदार. हे तसे नव्हते. मव्हरीएवढं बुबुळ, प्राजक्ता म्हणली तसंच.

कपडे फाडून काढले. दोघींनी साबणानं घासला. गळत होतं ते सगळं पाठीवर मुरलेलं, कातडी लाल. प्राजक्ता ऑटोसाठी धावली. साजिद फाटकात येऊन हसत म्हणे, "आजी, तुमीच तं सांगतलं पिऊन आला म्हणून. पेलेल्याले दवाखान्यात काय न्यायचं? माही सीट खराब होते. ताक पाजा."

"ताक नको. विष चढलं आहे त्याले, औषधाचं."

"कर हाये आजी आज. सगळ्यायलेच चढलं."

गल्लीत कोणी उठलं नाही. काहून उठतील? वामनरावांच्या पार्बताबाईनं, म्हणजे मी, स्वतः ओरडून सांगितलं होतं, आणि पार्बताबाई चुकत नाही, असं मीच या गावाले शिकवलं आहे. शेवटी मी ऑटोच्या चाकापुढे मातीत बसली. म्हणलं, नेत असशील तर त्याले ने, नाही तर मले चिरडून जा, दुसरा रस्ता नाही. तेव्हा तो हसायचा थांबला. माह्या तोंडाकडे पाहून थांबला. पुढे मात्र त्यानं अशी गाडी हाणली की एकदाही ब्रेक लावला नसेल.

चांदूरबाजारच्या दवाखान्यातल्यांनी लगेच अमरावतीले धाडलं. इथल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत. त्यांनी विचारलं, "अंगावरचे कपडे लगेच काढले होते ना?"

मी म्हणलं, नाही.

"किती वेळ होते?"

"मी ठेवले तेवढा वेळ."

त्यांनी वर पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नळी घशात आहे, मशीन त्याच्या जागी श्वास घेते. सुई देतात आणि बॅटरीनं डोळे पाहतात, बुबुळ मोठं होते की नाही. थोडं होते, पुन्हा बारीक होते. विचारलं तर म्हणतात, आता काही सांगता येत नाही.

१ सप्टेंबर

माणिकबाई शेजारची, तिच्या भरवशावर बुढ्याले टाकून आली होती. ती तरी किती करील? म्हणून मी आज सकाळच्या एसटीनं घरी आली. प्राजक्ता तिकडे आहे. गोवर्धन तसाच आहे.

बुढ्याले पाणी पाजलं, अंग पुसलं. तो मोरीकडे दाखवायले लागला. ह्या वेळी मी भांडं आणलं नाही आणि बाजही फिरवली नाही. त्याच्या बोटामागे पाहत गेली. दगडावर काही नव्हतं. करीपासून तिथेच पडलेला पंप नव्हता.

माणिकबाई म्हणे, "अवो, देशमुखांचा मानूस आला होता सकायी. मी नळावर होती. त्यानं यायलेच इचारलं, पंप नेऊ काय म्हणून. हे बाज ठोकत होते, तं तो म्हणला, 'हो म्हणतात बुढेबाबा,' अन् घेऊन गेला. पऱ्हाटी अर्धी राहिली ना फवारायची."

"कोणाच्या पाठीवर दिला?"

"ते काय मालूम."

मी विळा घेतला आणि गेली. देशमुखांची पऱ्हाटी आता छातीले लागते. मधोमध एक डोकं चालत होतं, तोंडाले दुपट्टा बांधलेला. धुऱ्यावरून हाका मारल्या. त्यानं हात वर केला, जसा कोणी रामराम घालावा तसा, आणि फवारत पुढे गेला. मी आत शिरली. पानावरचं सगळं माह्या लुगड्याले लागत गेलं, लागू दे. जवळ गेल्यावर ओळखलं. पलीकडच्या टोलीच्या वस्तीतला पोरगा, गोवर्धनच्या बरोबरीचा, नाव मले येत नाही. पाठ काळी ओली.

"काढ तो पंप."

"काहून आजी? दिवस भरायचा हाये माहा."

"गोवर्धन मशीनवर आहे."

"तो तं दारूनं पडला म्हणतात ना? मी पेत नाई आजी, माळकरी हाये."

सांगत बसली असती. पण तोंडानं सांगायची माही हिंमत नव्हती, कारण माह्या तोंडानंच हे सगळं गावभर झालं होतं. मी त्याच्या खांद्यावरचे दोन्ही पट्टे विळ्यानं कापले. पंप खाली पडला, झाकण उडालं, औषध काळ्या मातीत गेलं आणि भेगेत मुरलं. तो मागे सरकला. धुऱ्यावरून देशमुखांचा माणूस ओरडत आला, बुढी पागल झाली, बुढी पागल झाली. मी त्या पोराले म्हणलं, तू पहिले विहिरीवर चल, सदरा काढ, साबण मी देते. मग मले काय म्हणायचं ते म्हण.

तो आला. का आला माहीत नाही, बहुतेक विळ्याले भिऊन.

संध्याकाळ होऊन राहिली. अमरावतीहून फोन नाही. माणिकबाईचा मोबाईल मी माह्याच जवळ ठेवून घेतला आहे. देशमुखांच्या माणसानं जाता जाता सांगितलं, पंपाले उद्या नवे पट्टे लावतो, मजुराले काय तोटा आहे. लावील तो. मले माहीत आहे.

विळा मी आत नेला नाही.